सूचीकार आणि शववस्त्र : यूलिस शेव्हालिये

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात कवी, कादंबरीकार, नाटककार यांची चरित्रे यावीत हे स्वाभाविकच आहे. सभासदांच्या तोंडी त्यांचीच नावे असतात. परंतु कोणत्या विषयावर कोणते पुस्तक कोठे आहे हे ज्यांच्यामुळे आपल्याला कळते, त्या सूचीकारांची आठवण अशा प्रसंगीही क्वचितच निघते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली नसती, तर मराठीच्या आम्हा अध्यापकांचे पावलोपावली अडले असते. अशाच एका परदेशी सूचीकाराची ओळख या पृष्ठांतून करून द्यावयाची आहे. ती मला प्रथम झाली एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीच्या सहाव्या खंडात, दुसरेच काही शोधत असताना. नोंद लहानशी होती. तीत सूचींचा तपशील होता आणि शेवटी एका कापडाचा उल्लेख होता. सूचीकाराचा आणि कापडाचा काय संबंध, या कुतूहलातून पुढचे वाचन झाले.

यूलिस शेव्हालिये यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८४१ रोजी फ्रान्समधील रांबुये येथे झाला. त्यांचे आयुष्य मात्र आग्नेय फ्रान्समधील दोफिने या जुन्या प्रांतात, विशेषतः रोमाँ या गावी गेले. (हे गाव ईझेर नदीकाठचे, इटलीतील रोमशी त्याचा काही संबंध नाही.) वडील डॉक्टर होते आणि रोमाँच्या इतिहासाचे हौशी अभ्यासक होते. त्यांचेही नाव यूलिस शेव्हालिये असेच होते, त्यामुळे पुढे सगळ्या युरोपची नामसूची करणाऱ्या या मुलाने स्वतः मात्र ग्रंथपालांसाठी पितापुत्रांच्या नावांचा घोटाळा जन्मतःच करून ठेवला, असे गमतीने म्हणता येईल. तरुणपणी त्यांनी कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. पुढे व्हालांस धर्मप्रांताचे ते मानद कॅनन झाले आणि लिआँच्या कॅथलिक विद्यापीठात धर्मसंस्थेचा इतिहास शिकवू लागले.

त्यांच्या लेखनाचा आरंभ दप्तरांपासून झाला. युरोपातील मठ आणि चर्चे आपल्याला मिळालेल्या दानपत्रांच्या, खरेदीखतांच्या आणि निवाड्यांच्या नकला एका वहीत उतरवून ठेवीत. आपल्याकडील देवस्थानांच्या दप्तरांतील सनदांच्या नकलांसारखाच हा प्रकार. अशा वह्या मिळवायच्या, ताडून पाहायच्या आणि छापायच्या, हे काम शेव्हालिये यांनी सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षीच हाती घेतले. दी येथील चर्चची वही १८६८ मध्ये आणि व्हियेन येथील सेंट आंद्रे मठाची १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढेही असे संग्रह निघत राहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाशी आपण जी साधननिष्ठा जोडतो, तिचीच ही फ्रेंच आवृत्ती. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. नेमक्या त्याच वर्षी शेव्हालिये यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण देणारी घटना तुरिन येथे घडायची होती.

तत्पूर्वी त्यांचे मुख्य कार्य सांगितले पाहिजे. मध्ययुगाच्या इतिहास-साधनांचा त्यांनी एक प्रचंड निर्देशग्रंथ रचला. त्याचा पहिला भाग १८७७ ते १८८६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाला. इसवी सनाच्या पहिल्या वर्षापासून १५०० पर्यंत होऊन गेलेल्या आणि छापील ग्रंथांत कोठेही उल्लेख आलेल्या ऐतिहासिक व्यक्तींची वर्णानुक्रमे नोंद, आणि प्रत्येकीविषयी कोठे काय छापले गेले आहे त्याचा निर्देश, असे त्याचे स्वरूप आहे. दुसऱ्या भागात (१८९४ ते १९०३) स्थळे आणि विषय आले. याशिवाय लॅटिन भाषेतील ख्रिस्ती स्तोत्रांची सूची त्यांनी केली. प्रत्येक स्तोत्राची पहिली ओळ, कर्ता, काळ आणि ते कोणत्या पोथीत सापडते, ही माहिती देता देता नोंदींची संख्या चाळीस हजारांवर गेली. आज संगणकाने क्षणार्धात जे होते ते या गृहस्थाने कागदाच्या चिटोऱ्यांवर, हाताने केले. नोंद करणाऱ्याला एक सवय लागते. एखादे विधान दिसले, की ते सुंदर आहे की नाही, सोयीचे आहे की नाही, हे तो पाहत नाही. ते प्रथम कोणी केले, केव्हा केले आणि त्याआधी ते कोठे आढळते, एवढेच तो विचारतो. शववस्त्राच्या प्रकरणात शेव्हालिये यांनी याहून वेगळे काही केले नाही.

हे वस्त्र म्हणजे सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असा लिननचा एक पिवळसर पट्टा आहे. त्यावर क्रुसावर खिळलेल्या एका पुरुषाची पुढची आणि पाठीमागची अशा दोन आकृती, डोक्याला डोके लागून, फिकट तपकिरी रंगात उमटल्या आहेत. मनगट, पाय आणि कूस येथे रक्ताचे वाटावेत असे डाग आहेत. येशूचे शव ज्या कापडात गुंडाळून कबरीत ठेवले तेच हे, अशी लाखो भाविकांची श्रद्धा आहे. १४५३ पासून ते साव्हॉयच्या राजघराण्याच्या मालकीचे होते. शांबेरी येथे असताना ४ डिसेंबर १५३२ च्या आगीत ते होरपळले. १५७८ मध्ये ते तुरिनला नेण्यात आले. साव्हॉयचे घराणे पुढे इटलीच्या सिंहासनावर बसले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वस्त्र भाविकांचे श्रद्धास्थान तर होतेच, शिवाय एका राजाची खाजगी मालमत्ताही होती.

१८९८ च्या मे महिन्यात ते दर्शनासाठी मांडले असता सेकोंदो पिआ या तुरिनच्या वकिलाला, जो छायाचित्रणाचा शौकीन होता, त्याचे छायाचित्र काढण्याची परवानगी मिळाली. २८ मेच्या रात्री घेतलेली काच त्याने रसायनात धुतली, तेव्हा उलट्या प्रतिमेत त्याला एक स्पष्ट, गंभीर, मिटल्या डोळ्यांचा चेहरा दिसला. वस्त्रावर जे अस्पष्ट आणि विचित्र दिसत होते ते छायाप्रकाश उलटल्यावर जिवंत भासू लागले. म्हणजे वस्त्रावरची आकृतीच एखाद्या निगेटिव्हसारखी होती. मध्ययुगातील कोणता चित्रकार निगेटिव्ह रंगवणार? हा प्रश्न युरोपभर गाजला आणि विज्ञानानेच चमत्कारावर शिक्कामोर्तब केले, असे अनेकांना वाटू लागले.

अशा वातावरणात शेव्हालिये यांनी १८९९ मध्ये एक छोटी पुस्तिका आणि १९०० मध्ये पॅरिसहून आपला चिकित्सक प्रबंध प्रसिद्ध केला. छायाचित्राविषयी त्यांना फारसे सांगायचे नव्हते. हे कापड इतिहासात प्रथम कोठे दिसते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर फ्रान्सच्या शांपान्य प्रांतातील लिरे या खेड्यात सापडत होते. जोफ्रुआ द शार्नी या सरदाराने तेथे १३५३ मध्ये एक चर्च स्थापिले. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत तो मारला गेला. या चर्चमध्ये हे वस्त्र दाखविले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या तेराशे वर्षांत ते कोठे होते, ते एका खेड्यातील सरदाराकडे कसे आले, याचा कागद त्या घराण्याने कधीच पुढे केला नाही.

पुढचा पुरावा अधिक बोलका होता. १३८९ च्या सुमारास त्र्वा येथील बिशप पिएर दार्सी याने आव्हिन्याँचे पोप सातवे क्लेमेंट यांच्याकडे पाठवण्यासाठी एक निवेदन तयार केले. त्याचा आशय असा, की लिरेच्या चर्चमधील मंडळींनी द्रव्यलोभाने एक युक्तीने रंगवलेले कापड मिळवून ते येशूचे शववस्त्र म्हणून दाखवले आणि बरे झाल्याचे सोंग करणारी माणसे पैसे देऊन उभी केली. सुमारे चौतीस वर्षांपूर्वी आपले पूर्वसूरी बिशप आंरी द प्वातिए यांनी चौकशी केली, तेव्हा लबाडी उघडकीस आली आणि ज्याने ते रंगवले त्या कारागिराकडूनच हे मनुष्याच्या हातचे काम असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर कापड दडवून ठेवले गेले. आता पुन्हा, स्थानिक बिशपला वगळून पोपच्या प्रतिनिधीची परवानगी काढून, तोच प्रकार सुरू झाला आहे, अशी त्याची तक्रार होती.

पोपने काय केले? ६ जानेवारी १३९० च्या आज्ञापत्राने त्याने दोघांनाही बांधले. वस्त्र दाखवण्यास मनाई केली नाही. मात्र दाखवताना हे प्रभूचे खरे शववस्त्र नसून त्याची प्रतिकृती अथवा प्रतिमा आहे, असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले पाहिजे, अशी अट घातली. आणि तक्रार करणाऱ्या बिशपला या विषयावर कायमचे मौन पाळण्याचा हुकूम दिला. हा पोप शार्नी घराण्याशी नात्याने जोडलेला होता, कारण जोफ्रुआच्या विधवेने दुसरा विवाह पोपच्या चुलत्याशी केला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे निकालातील मुत्सद्देगिरी कळते. खरे बोलणाऱ्याचे तोंड बंद आणि खोटे दाखवणाऱ्यास अटीवर परवाना, ही तडजोड आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही.

अट हळूहळू विस्मरणात गेली. १४१८ मध्ये युद्धाच्या धामधुमीत लिरेच्या चर्चने वस्त्र सुरक्षिततेसाठी जोफ्रुआची नात मार्गरीत हिच्या पतीकडे सोपवले. त्याने दिलेल्या पावतीतही ते प्रतिमा म्हणूनच नोंदले आहे. मार्गरीतने ते परत केले नाही; १४५३ मध्ये साव्हॉयच्या ड्यूकला देऊन टाकले, आणि चर्चच्या फिर्यादीवरून तिला बहिष्काराची शिक्षाही झाली. राजघराण्यात गेल्यावर मात्र वस्त्राचा दर्जा बदलला. १५०६ मध्ये पोप दुसरे जूलियस यांनी त्याच्या स्वतंत्र सणाला मान्यता दिली.

हे सर्व कागद शेव्हालिये यांनीच प्रथम शोधून काढले असे नव्हे. त्र्वा येथील लालोर नावाच्या धर्मगुरूने १८७७ मध्येच लिरेच्या प्रकरणाकडे लक्ष वेधले होते. परंतु पॅरिसचे राष्ट्रीय ग्रंथालय, व्हॅटिकनचे दप्तर आणि प्रांतोप्रांतीचे संग्रह यांतून विखुरलेले पुरावे एकत्र करून, कालक्रमाने लावून, परिशिष्टात मूळ लॅटिन व फ्रेंच संहितेसह छापणे हे काम शेव्हालिये यांचे. ज्याला त्यांचा निष्कर्ष पटत नसेल त्याला तो खोडून काढण्याची सामग्रीही त्याच पुस्तकात मिळावी, अशी ही मांडणी होती. फ्रान्समधील शिलालेख व वाङ्मय अकादमीने सुवर्णपदक देऊन या कामाचा गौरव केला. ब्रसेल्सच्या बोलांदिस्त पंडितांनी आणि इंग्लंडमधील हर्बर्ट थर्स्टन यांनी त्यांचा निष्कर्ष स्वीकारला. हे सारे जेसुइट धर्मगुरू होते, हे विशेष.

विरोधही कडवा झाला. दार्सीच्या निवेदनाच्या उपलब्ध प्रतीवर सही व तारीख नाही, ती केवळ मसुद्याची प्रत असावी. यात्रेचे उत्पन्न लिरेला जाते या मत्सरातून बिशपने हे लिहिले असावे. कारागिराचे नावही त्याने दिले नाही. असे आक्षेप घेण्यात आले. ते सगळेच टाकाऊ नव्हते. मसुदा आहे हे खरे आणि बिशपचा हितसंबंधही उघड आहे. परंतु पोपची आज्ञापत्रे हा स्वतंत्र पुरावा होता. १९०३ पर्यंत शेव्हालिये आक्षेपांना उत्तरे देत राहिले.

या वादात सर्वांत विलक्षण योग असा, की धर्मगुरू वस्त्र नाकारत होता आणि त्याच्या सत्यतेची बाजू एक अज्ञेयवादी मांडत होता. सॉरबॉनमधील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इव्ह दलाज अज्ञेयवादी होते. त्यांचे तरुण सहकारी पॉल व्हिन्याँ यांनी छायाचित्रांवरून केलेल्या अभ्यासाच्या आधारे दलाज यांनी २१ एप्रिल १९०२ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत निवेदन केले. आकृती रंगवलेली नसून शवातून निघालेल्या वाफांच्या रासायनिक क्रियेने उमटली असावी आणि ते शव येशूचे असण्याचा संभव मोठा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अकादमीचे चिटणीस बेर्तलो यांनी येशूविषयीचा भाग अकादमीच्या मुखपत्रात छापण्यास नकार दिला. दलाज यांच्यावर टीकेची झोड उठली. आपण येशूला एक ऐतिहासिक पुरुष समजतो, त्याच्या शववस्त्राविषयी बोलण्यात विज्ञानाचा काय द्रोह, असा त्यांचा उलट सवाल होता. मला दलाज यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांनी आपल्या पंथाची भीड बाळगली नाही. पण शेव्हालिये यांची कसोटी अधिक अवघड होती, असेही वाटते. दलाज यांना विद्वत्सभेची नाराजी सोसायची होती. शेव्हालिये ज्या वेदीपुढे रोज प्रार्थना म्हणत, त्याच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या माणसांच्या श्रद्धेला त्यांचा हात लागत होता. त्यांनी येशूच्या मृत्यूविषयी वा पुनरुत्थानाविषयी शंका घेतली नव्हती. लिरेच्या कापडाचा त्यांच्याशी संबंध नाही, एवढेच ते सांगत होते. हा भेद पंडितांना कळतो. यात्रेत आलेल्या माणसाला तो कसा समजवायचा, हे त्यांच्या ग्रंथांत नाही आणि ते त्यांचे कामही नव्हते.

पुढची कथा थोडक्यात. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका पथकाने वस्त्राची प्रत्यक्ष तपासणी केली. आकृती रंगद्रव्याने रंगवलेली नाही असे पथकाचे मत पडले. नमुने तपासणाऱ्या वॉल्टर मॅक्रोन यांना मात्र त्यांत रंगद्रव्य आढळले. १९८३ मध्ये इटलीचे अखेरचे राजे दुसरे उंबेर्तो निवर्तले आणि मृत्युपत्राने वस्त्र पोपकडे आले. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिच आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी कार्बन-१४ पद्धतीने धाग्यांचे वय काढले. निष्कर्ष आला तो १२६० ते १३९० या काळाचा. केवळ जुन्या कागदांवरून शेव्हालिये ज्या शतकापर्यंत पोहोचले होते, त्याच शतकाच्या आसपास यंत्रेही येऊन थांबली. नमुना ज्या कोपऱ्यातून घेतला त्याविषयीचे आक्षेप अजून घेतले जातात आणि आकृती नेमकी कशी उमटली यावर एकमत नाही. म्हणजे कारागिराविषयीचा दार्सीचा तपशील अद्याप तपासाधीन आहे, असे म्हणावे लागते. १९९८ मध्ये तुरिनला आलेल्या पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा प्रश्न श्रद्धेचा नसून शास्त्रज्ञांनी सोडवायचा आहे, अशी भूमिका घेतली. आणि २०२५ मध्ये चौदाव्या शतकातील थोर फ्रेंच विद्वान निकोल ओरेम (मृत्यू १३८२) यांच्या लेखनातील एक उल्लेख प्रकाशात आला. धर्माधिकारी लोकांना कसे फसवतात याचे उदाहरण म्हणून त्यांनी शांपान्यमधील एका चर्चमधले प्रभूचे शववस्त्र सांगितले आहे. ओरेम यांना लिरेच्या यात्रेच्या उत्पन्नाशी काही कर्तव्य नव्हते. हा उल्लेख शेव्हालिये यांना ठाऊक नव्हता. असता तर परिशिष्टात आणखी एक क्रमांक वाढला असता.

शववस्त्रानंतर ते थांबले नाहीत. इटलीतील लोरेटो येथे एक लहान दगडी घर आहे. येशूची माता मारिया हिचे नाझरेथमधील हेच घर तेराव्या शतकाच्या अखेरीस देवदूतांनी उचलून आणले, अशी कथा आहे. १९०६ मध्ये शेव्हालिये यांनी तिचा समाचार घेतला. नाझरेथला जाऊन आलेल्या यात्रेकरूंची वर्णने त्यांनी कालक्रमाने मांडली. घर नाहीसे झाल्याची नोंद त्यांत कोठेच नव्हती. उलट लोरेटोचे चर्च त्या कथित आगमनाच्या आधीपासून कागदपत्रांत दिसत होते आणि देवदूतांची कथा मात्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी कोणी लिहिलेली नव्हती. पद्धत तीच, सूचीकाराची. काळ मात्र आता अधिक कठीण होता. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी आधुनिकतावादाविरुद्ध आज्ञापत्र काढले. १९०८ मध्ये आल्फ्रेद ल्वाझी यांना धर्मबहिष्कृत करण्यात आले. १९१२ मध्ये लुई द्युशेन या धर्मगुरू इतिहासकाराचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. अशा दिवसांत लोरेटोवर लिहिणे म्हणजे काय, हे त्या काळच्या कॅथलिक अध्यापकाला सांगावे लागले नसते.

उतारवयात ते पुन्हा दोफिनेकडे वळले. आल्बानेस नावाच्या विद्वानाने आरंभिलेला फ्रेंच धर्मप्रांतांचा दप्तरसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर शेव्हालिये यांनी पुढे नेला. आणि १९१३ पासून, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, दोफिने प्रांतासंबंधीच्या मध्ययुगीन कागदपत्रांची कालानुक्रमे गोषवारासूची छापण्यास त्यांनी आरंभ केला. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, तरी काम चालू राहिले. २७ ऑक्टोबर १९२३ रोजी रोमाँ येथे ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ही सूची पूर्ण छापून झालेली नव्हती. तिचा सातवा आणि शेवटचा खंड १९२६ मध्ये बाहेर पडला.